नाजूक झाडं माझ्याकडे

लेकीचं लग्न झालं आणि तिच्या सामानाची वाटणी झाली. कपडे, पुस्तकं, लॅपटॉप तिच्याबरोबर गेले. शाळेतली बक्षिसं आणि जुने स्वेटर माझ्याकडे राहिले. झाडं मात्र तिनं स्वतः मांडी घालून बसून निवडली. घरून काम करायला लागल्यापासून तिनं आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत सक्युलंट जमवली होती. जाड, रसानं भरलेल्या पानांची बुटकी झाडं. काही गुलाबाच्या फुलासारखी गोल, काही खड्यांसारखी, एक मोत्यांच्या माळेसारखं खाली लोंबणारं. मातीच्या छोट्या कुंड्या तिनंच रंगवलेल्या होत्या. अशा अडतीस.

"दणकट आहेत ती मी नेते," ती म्हणाली. "तिकडं ऊन फार आहे, ह्यांना चालेल. नाजूक सगळी तुझ्याकडे. तूच सांभाळशील नीट."

तिकडं म्हणजे देवळ्याला. जावयाचं ठिबकच्या सामानाचं दुकान गावात, घर गावाबाहेर मळ्यात. लेकीचं काम इंटरनेटवर चालणारं, त्यामुळे तिला मळ्यातूनही ते करता येणार होतं. घरात सासू होती, सासरे नव्हते. कांद्याची सगळी शेती सासूच बघायची.

नाजूक झाडं माझ्याकडे, ह्या वाक्यानं मी किती फुगले होते ते आता सांगायला लाज वाटते. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'पानं पिवळी का पडतात, कारणे लिहा' हा प्रश्न मी किती वेळा काढला असेल देव जाणे. लेकीनं ते लक्षात ठेवून निवड केली, असंच मी धरून चालले.

विहीणबाई मला लग्नात आवडल्या होत्या. उंच, काटक, डोक्यावरून पदर, चौथीपर्यंत शिकलेल्या. मानपानाचा हट्ट नाही की रुसवाफुगवा नाही. पंगतीत आमच्याकडच्या एका मावशीला बसायला जागा नव्हती तर स्वतः उठून जागा दिली. मी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं होतं, अशी सासू मिळाली, पोरगी सुखात राहील. सुखात राहावी एवढंच वाटलं होतं. इतकी सुखात राहील असं वाटलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड. फोनवर ती सांगायची, आई म्हणाल्या आज मळ्यात चल, आई म्हणाल्या लसणाची चटणी करून बघ, आईंनी मला नवा आरसा आणला. तिनं सासूलाही 'आई'च म्हणायचं ठरवलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. 'आई म्हणाल्या' म्हणजे त्या आणि 'आई म्हणाली' म्हणजे मी, असा हिशेब मराठी भाषेनंच आमच्यासाठी घालून ठेवला होता. त्या 'म्हणाल्या'तल्या अंतरावर मी निश्चिंत होते.

मग फोटो यायला लागले. देवळ्याच्या घराच्या ओट्यावर लेकीची दणकट झाडं रांगेत मांडलेली. एक कुंडी वाटेत फुटली होती, ते झाड विहीणबाईंनी तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात लावलं होतं. उन्हानं पानांच्या कडा तांबूस झालेल्या, पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. झाडं अशी तरारलेली की फोटो मोठा करून बघताना माझ्या पोटात दुखलं. मी लिहिलं, "छान." पुढे एक फूल टाकलं. फोन उलटा करून ठेवला आणि बाल्कनीत जाऊन माझ्याकडच्या झाडांना पाणी घातलं. तासाभरापूर्वी घातलं होतं, तरी पुन्हा घातलं.

पहिलं पिवळं पान आषाढात दिसलं. गुलाबासारख्या दिसणाऱ्या एका झाडाचं अगदी खालचं पान. दुसऱ्या दिवशी तीन. मी चष्मा लावून बसले आणि निदान केलं. नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते. मी गांडूळखताची पिशवी आणली, प्रत्येक कुंडीत दोन-दोन चमचे घातलं आणि खत मुरावं म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायला लागले. पावसाचे सपकारे येतात म्हणून बाल्कनीची सरकती काच लावून घेतली. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक कुंडीखाली स्टीलची ताटली ठेवली. ताटल्यांत पाणी साचलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. झाडाला तहान लागली तर खालून पिता येईल.

हे एकदा चहा घेता घेता म्हणाले, "पाणी जास्त होत नाही ना?"

"तुम्ही बँकेत होता," मी म्हटलं. "झाडांचं मला कळतं."

पंधरा दिवसांत पिवळेपणा सहा कुंड्यांत पसरला. पानं नुसती पिवळी नव्हती, आतून दिवा लावल्यासारखी पारदर्शक झाली होती. हात लागला की देठातून सुटून पडायची. तेव्हा मला वाटलं, ऊन कमी पडतंय. उघडीप पडली तशी चार कुंड्या उचलून गच्चीवर भर उन्हात नेऊन ठेवल्या. दोन दिवसांत त्यांच्या वरच्या पानांवर फिकट, कोरडे डाग पडले, इस्त्री जास्त तापल्यावर कापडावर पडतात तसे. मी पुन्हा त्या खाली आणल्या.

त्याच सुमारास तो फोन आला.

"आई, इकडं नुसता पाऊस चाललाय," लेक म्हणाली. "झाडं आत ओसरीत घेतली. आई म्हणाली, पाऊस थांबेपर्यंत ह्यांना थेंब द्यायचा नाही."

"मी कधी म्हणाले?"

"तू नाही गं. आई. इकडची."

ती पुढे बोलत राहिली. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. 'म्हणाली.' लग्नाला सात महिने झाले होते. मी तिला नऊ महिने पोटात वाढवलं, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं घरात, आणि जी सलगी मला जन्मानं मिळाली ती त्या बाईला सात महिन्यांत मिळाली होती.

"तुझ्याकडची कशी आहेत गं?" तिनं विचारलं.

"मस्त आहेत," मी म्हणाले. "एकदम मस्त."

"फोटो पाठव ना."

मी फोटो पाठवले. बऱ्या दिसणाऱ्या पाच कुंड्या एकत्र केल्या, बाकीच्या मागे सरकवल्या, आणि फोटो असा कापला की फक्त पाचच दिसाव्यात. तिनं बदाम पाठवला. मी एकतीस वर्षं मुलांना कॉपी करताना पकडलेली बाई. पण तेव्हा मला काही वाटलं नाही, फक्त पुढच्या फोटोला काय दाखवायचं ह्याची चिंता लागली.

पुढच्या आठवड्यात चार झाडं बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. लेकीचा फोन येत होता, आणि दरवेळी ती म्हणत होती की "काही अडचण असली तर सांग, इकडच्या आईला विचारते, तिला बरोबर कळतं." मी रिक्षा केली, गंगापूर रोडच्या एका नर्सरीत गेले, आणि फोनमधले जुने फोटो दाखवून तशीच चार झाडं शोधून काढली. घरी येऊन लेकीनं रंगवलेल्या कुंड्यांतली मेलेली झाडं उपटली आणि नवी त्यात बसवली. हे दारात उभे राहून बघत होते.

"हे कुणासाठी चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी पुढची कुंडी जवळ ओढली.

"तिला सांग की मेली म्हणून. झाडं आहेत ती."

"तिकडची नाही मेली," मी म्हटलं.

ते उपटलेली झाडं कचऱ्याच्या पिशवीत घालून खाली टाकून आले.

भाद्रपद सरता सरता जावयाचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलंय, एका डोळ्याचं आत्ता, दुसऱ्याचं नंतर. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्यानं डॉक्टर बघणार, तोवर तुमच्याकडे राहिली तर चालेल का? मी म्हटलं, चालेल काय, हे काय विचारणं झालं? फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो बाल्कनीचा.

लेक बरोबर येणार नव्हती. उन्हाळ कांदा अजून साठवणीच्या चाळीत होता, तो निवडायला बायका लावल्या होत्या, आणि सासू नाही तर तिथं कुणीतरी घरचं हवं. माझी लेक, जिला इथे कोथिंबीर निवडायला सांगितली की मीटिंग आठवायची, ती तिकडे कांदा निवडणाऱ्या बायकांबरोबर चाळीवर बसणार होती. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी कधी बसली?

ऑपरेशन नीट झालं. जावई विहीणबाईंना घरी सोडून, औषधांचे थेंब मला समजावून देऊन संध्याकाळच्या आत परत गेले. विहीणबाईंना काळा चष्मा होता. वाकायचं नाही, धूळ नको, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दुसऱ्या डोळ्यानंही त्यांना धूसरच दिसायचं. दोन दिवस त्या हॉलमध्ये पलंगावर बसून होत्या. बाल्कनीचा पडदा मी ओढून घेतला होता. ऊन डोळ्याला त्रास देईल, असं त्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर त्या पलंगावर नव्हत्या. पडदा बाजूला, काच अर्धी उघडी, आणि विहीणबाई बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या.

"विहीणबाई, हितं कायतरी सडलंय," त्या म्हणाल्या.

"कुठे? नाही हो."

"वास येतोय ना. चाळीत एक कांदा खराब झाला तरी असाच येतो. लांबून कळतं." त्यांनी हात पुढे केला आणि हाताशी असलेल्या मांडणीवरच्या कुंडीतल्या झाडाचं पान अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबलं. मग दुसरं. मग तिसऱ्या कुंडीतलं. डोळे चष्म्याआड, मान वर, जणू कुणाची नाडी बघताहेत. "हे मऊ हाय. हे बी मऊ. हे घट्ट हाय, हे चांगलं. ह्याचा रंग कसा हाय? मला दिसत नाय."

"पिवळा," मी म्हणाले.

"सुकून पिवळं का भिजून पिवळं?"

असा प्रश्न मी कधी परीक्षेत काढला नव्हता. त्यांनी स्वतःच झाडाच्या बुडाशी खालच्या पानापर्यंत बोट नेलं, एक पान काढलं, माझ्या हातावर ठेवलं. ते पातळ, कागदासारखं वाळलेलं होतं.

"असं असलं तर काय करायचं नाय. म्हातारं पान गळतंच. वरचा जीव चांगला हाय. पण हे..." त्यांनी शेजारच्या कुंडीतलं पान दाबलं, त्यातून पाणी आलं. "ह्याला पानी लय झालंय. पानाच्या पोटात मावंना, मग फुटतंय आतनं. कांद्याचं बी तसंच. पोटात पानी घेऊन बसलेली जात ही. तिला वरून पाजायचं नसतं."

मला आतून राग आला होता. राग त्यांचा नव्हता. त्या बरोबर होत्या आणि त्यांना ते डोळ्यांनी न बघता कळलं होतं, ह्याचा होता.

"मला वाकायला बंदी हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा खाली. मी सांगते."

मी फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसले. त्या खुर्चीत, मी खाली. पहिलं झाड कुंडीतून काढलं तर माती चिखलासारखी निघाली आणि मुळं तपकिरी, ओढली की साल हातात येणारी. गांडूळखताचा काळा गोळा तसाच होता. ताटलीतलं पाणी शेवाळलेलं.

"मुळी पांढरी दिसतेय का कुठं?"

"नाही."

"मग बुंधा काप. वरनं खाली नको, खालनं वर येत जा. आत काळं दिसतंय तोवर काप."

त्या मला 'काप' म्हणाल्या, 'कापा' नाही. मी सुरी स्पिरिटनं पुसून घेतली. चकत्या करत वर गेले. तिसऱ्या चकतीला बुंधा आतून स्वच्छ, पोपटी निघाला.

"आता लावू?"

"नाय नाय. सावलीत ठेव चार-पाच दिवस. कांदा काढला की आम्ही लगेच चाळीत टाकतो का? पातीसकट वावरात सुकवतो. मान वाळली पायजे. ओली मान घेऊन आत गेला का तिथनंच सडायला लागतो. ह्याची बी मान वाळू दे, कातडं धरू दे. मग मुरमात लावायचं. काळी माती नको, खत नको."

एका झाडाच्या पानांच्या बेचक्यात मला पांढरा कापूस दिसला. मी म्हटलं, हा पिठ्या ढेकूण, कीड आहे. तेवढं तरी मला ओळखता आलं. तो मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढला. त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक नव्हतं, स्पिरिटचं." मला त्या एका वाक्याचा इतका आनंद झाला की माझीच मला कीव आली.

काम करता करता त्या बोलत होत्या. लेकीबद्दल. ती आता पालीला भीत नाही. भाकरी थापते, पण कडा जाड राहतात. काम करताना गुणगुणते. प्रत्येक गोष्ट ऐकताना मी मनात बघत होते, हे मला ठाऊक होतं का? पालीचं नव्हतं. भाकरीचं नव्हतं.

"चैतात एकदा लय रडली," त्या म्हणाल्या. "कामावरचं कायतरी होतं. साहेब बोलला काय तरी. रातभर भरून येत होतं तिला. मी म्हटलं, सोडून दे नोकरी, घरचं काय कमी हाय? तर म्हने, नाय, सोडनार नाय. मग दोन दिवसांनी ठीक झाली."

चैत्रात रोज नाही तरी एक दिवसाआड फोन होता. मी विचारत होते, सगळं ठीक? ती म्हणत होती, सगळं ठीक.

"मला काही बोलली नाही ती," मी म्हणाले.

विहीणबाईंनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "तुला घोर नको म्हनून नसंल सांगितलं. लांब असल्यावर मानूस काळजीच करत बसतं."

त्यांनी समजूत काढली, आणि ती खरीही असेल. पण लेक कुणाच्या मांडीवर रडली हे मला कळलं होतं, आणि ती मांडी माझी नव्हती. मी बुंधा कापत राहिले, चांगलाही भाग थोडा कापला गेला.

चौदा कुंड्या झाल्या. मग त्यांनी पुढच्या एका कुंडीत बोट खुपसलं आणि थांबल्या. शेजारच्या तीन कुंड्यांतही बोट घालून पाहिलं.

"ही माती नाय. भुसा हाय. हलका." त्यांनी तो बोटांत चोळला. "नवी आणली का ही?"

नर्सरीतली झाडं नारळाच्या भुशात असतात. माती घालून ते लपवावं हे मला सुचलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "चार मेली."

त्यांनी बोटाला चिकटलेला भुसा पदराला पुसला. "भुसा लय दिवस ओला राहतो. ह्यांना बी काढ, मुरमात लाव," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला. थेंब वेळेवर घातले का हे विचारायला. त्या स्पीकरवर बोलत होत्या, मी पलीकडे बसले होते.

"आणि आई, माझी झाडं बघितलीस का? कशी आहेत?"

मी थेंबांची बाटली उगाच पुसायला घेतली.

"मला दिसतंय कुठं," विहीणबाई म्हणाल्या. "हात लावून बघितली. पावसानं दोन-चार पिवळी पडली होती. तुझ्या आईनं कापून सुकवायला ठेवलीत. नीट होतील."

बस. चार मेली, चार विकत आणली, त्यातलं अक्षर नाही. फोन ठेवून त्या पडून राहिल्या.

मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. माझा जळफळाट झाला. त्या शेतकाम जाणत होत्या, झाडं जाणत होत्या, माझ्या लेकीला जाणत होत्या, आणि आता वर माझी लाजही त्यांनी राखली होती. ह्या बाईपुढे एक तरी बाजू माझी वरचढ राहू देणार आहे का देव? संध्याकाळी ह्यांनी विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, "त्या फार मोठ्या मनाच्या आहेत." असं म्हणताना माझा चेहरा बघून हे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले आणि लेकीला फोन लावला. आजही स्वतःला सांगते की मी खरं बोलायचं म्हणून फोन केला. खरं तर मला माझं गुपित विहीणबाईंच्या मुठीत राहू द्यायचं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. रोजचं पाणी, खत, ताटल्या, कापलेले फोटो, नर्सरी.

ती म्हणाली, "मेली असती तर मेली असती ना, आई. मला खोटं का दाखवलंस?"

"तिकडची बघून मला वाईट वाटायचं."

"झाडं?"

"झाडं नाही." मी म्हणाले, "तू त्यांना अगं म्हणतेस."

खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

"मला कळलंच नाही कधी झालं," ती म्हणाली. "इथं आईला कुणी अहो म्हणत नाही. हे म्हणत नाहीत, नणंद म्हणत नाही. मी अहो आई म्हटलं की शेजारच्या बायका हसायच्या, पाव्हणी आलीय म्हणायच्या. मग आई म्हणाली... म्हणाल्या..."

"म्हणालीच म्हण," मी म्हटलं.

"ती म्हणाली, पाव्हण्यासारखी राहू नकोस."

त्यात काही चुकीचं नव्हतं. एखाद्या विद्यार्थिनीनं हे लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. मी तिला चैत्रातल्या रडण्याबद्दल विचारलं. तिनं सांगितलं; साहेबानं सगळ्यांसमोर तिच्या कामाची टर उडवली होती. "तुला सांगितलं असतं तर तू इकडं यायला निघाली असतीस," ती म्हणाली. तेही खरं होतं. मी निघालेच असते. फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं, पण हलकं वाटलं असं म्हणवत नाही. ती रागावली होती, आणि पुढचे चार-पाच दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. सासूच्या फोनवर मात्र तासन्‌तास.

विहीणबाईंना आठव्या दिवशी डॉक्टरांनी बघितलं आणि जावई न्यायला आले. येताना त्यांनी मळ्यातला मुरूम गोणीत भरून आणला होता. तो विहीणबाईंनीच फोन करून मागवला होता, मला न सांगता. जाताना त्यांनी मला सांगितलं, "बोट दोन पेरं आत घालायचं. कोरडं लागलं तरच पानी. ओलं लागलं तर चहा प्यायचा नि गप बसायचं."

मी तसंच केलं. कापलेल्या चौदांपैकी नऊंना मुळं फुटली. पाच गेली. मोत्यांची माळ गेली, ती लेकीची लाडकी होती. काच आता मी दिवसभर उघडी ठेवते, ताटल्या काढून टाकल्यात, फरशीवर गोल डाग पडलेत. उन्हात न्यायचं असेल तर रोज थोडं थोडं, आधी कोवळं. पिवळं पान दिसलं की मी आधी दाबून बघते. मऊ असेल तर पाणी बंद, सुरकुतलेलं असेल तर पाणी, कागदासारखं असेल तर काढून टाकायचं. मेलेल्या झाडांची खरी यादी मी लेकीला पाठवली. तिनं एकेकाचं कधी आणलं होतं ते लिहून पाठवलं, आणि मग आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

दिवाळीनंतर विहीणबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ह्या वेळी लेक म्हणाली की ती स्वतः रजा घेऊन येईल, दवाखान्यात तीच थांबेल. मी तिला म्हटलं, तू कशाला रजा घालवतेस, मी आहे ना. सकाळी उपाशीपोटी मीच नेईन, आत जाईपर्यंत बरोबर मीच राहीन, थेंबांच्या वेळा मला पाठ आहेत.

"खरंच जमेल तुला?" तिनं विचारलं.

"का नाही जमणार?"

हे बाजूला पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "विहिणीवर एवढं प्रेम कधीपासून?" विहीणबाईंसाठी मला वाईट वाटत होतं, त्यांचा तो काटक हात मी धरून नेणार होते, हे सगळं खरं. पण त्या आठ दिवसांत लेक रोज दोनदा फोन करणार, आणि 'आई कशी आहे' हे तिला मलाच विचारावं लागणार, हेही मला ठाऊक होतं. मी कपाटातून पाहुण्यांची चादर काढली आणि उन्हात घालायला गच्चीवर गेले.